बेरिंग धुण्याआधी जुनं ग्रीस पाहा

घाटंजीकडच्या एका शेतकरी भावांनी विचारलंय. त्यांच्याकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे, मागे डाला बसवलेला. पावसाळ्यात खत, बियाणं आणि मजूर. दिवाळीनंतर कापूस भरून पांढरकवड्याच्या जिनिंगला. पुढच्या डाव्या चाकातून चाळीसच्या वर घरघर येते. आठ महिन्यांपूर्वी त्याच चाकाची दोन्ही बेरिंगं नवी टाकली होती. मिस्त्री म्हणतो, परत टाकू आणि या वेळी बेरिंग धरणारा नट करकचून ठेवू. ग्रीस कोणतं, किती दिवसांनी भरायचं आणि हे काम घरी जमेल का, असा त्यांचा प्रश्न.

भाऊ, आधी एक करा, नट करकचून आवळू देऊ नका. बाकी सगळं मागाहून. चाकाचं टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचं, बेरिंग सैल राहिलं तर ते खडखड करून, स्टेअरिंग हलवून सांगतं तरी. घट्ट आवळलेलं बेरिंग काहीच सांगत नाही. ते तापतं, ग्रीस पातळ होऊन सीलातून निघून जातं आणि कोरडं पडलेलं बेरिंग स्पिंडलला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या दांड्याला, धरतं. शिकाऊ होतो तेव्हा ऐन लग्नसराईत एका कमांडर जीपचं पुढचं चाक मी बसवलं होतं. उस्ताद जेवायला गेलेले. चाक जरासुद्धा हलायला नको म्हणून मी पान्याला पाइप लावून जोर केला. नवरदेवाला घेऊन निघालेली ती गाडी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर तासाभरात धूर सोडत उभी राहिली. चाकाच्या मधला हब उघडला तर बेरिंगची आतली रिंग निळी पडलेली, आणि स्पिंडलवर अशी बसलेली की छिन्नीनं फोडून काढावी लागली. उस्तादांनी ती फुटकी रिंग माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "हे ठेव जवळ. पाना उचलला का पाह्यत जाय."

आता तुमचं चाक. आठ महिन्यांपूर्वी म्हणजे मृगाच्या तोंडावर बेरिंगं पडली आणि लगेच पेरणीपासून पोळ्यापर्यंत गाडी पांदणीच्या गाऱ्यात आणि नाल्याच्या पाण्यात चालली. चांगलं बेरिंग नीट बसवलं तर असल्या गाडीत वर्षानुवर्षं टिकतं. ते आठ महिन्यांत गेलं असेल तर त्याला कोणीतरी मारलंय. मारेकरी शोधल्याशिवाय नवी जोडी टाकाल तर पुढच्या होळीला पुन्हा हीच घरघर ऐकाल.

त्याआधी आवाज बेरिंगचाच आहे ना, एवढं बघून घ्या. नक्षीचे गोटे घासून कंगोरे पडलेला टायरही असाच घुमतो. फरक असा की टायरचा आवाज डांबरावर वेगळा आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगळा येतो, बेरिंगचा तसा बदलत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे घ्या. अंगावरचा भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा घरघर वाढली आणि डावीकडे घेतल्यावर कमी झाली, तर डावंच बेरिंग. मग चाक जॅकवर उचला. आपल्या काळ्या मातीत जॅक नुसता ठेवाल तर तो जमिनीत जाईल आणि चाक तिथंच राहील, खाली जाड फळी घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा आणि ॲक्सलखाली घोडी द्या. विटा रचून खाली शिरणारी माणसं मी पाहिलीत, तुम्ही तसं करू नका. फ्री व्हील हब, म्हणजे फोर व्हीलसाठी चाक आतल्या शाफ्टला जोडणारे-सोडणारे हब, मोकळे करा, नाहीतर चाकाबरोबर आतला शाफ्ट आणि त्याचा क्रॉस (सांधा) फिरतील आणि त्यांचा आवाज बेरिंगच्या नावावर जाईल.

चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट लागली म्हणजे बेरिंगच, असं नसतं. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर ती बेरिंगची. तशीच राहिली तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीची, आणि मग हबला हात लावून काही उपयोग नाही. ही एक चाचणी न केल्यानं किती लोकांनी चांगली बेरिंगं फेकली असतील, त्याची मोजदाद नाही. शेवटी एक हात पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानं चाक फिरवा. खराब बेरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी त्या हाताला कळते.

तुमच्या जीपचा पुढचा ॲक्सल फुल फ्लोटिंग आहे. म्हणजे गाडीचं वजन आतल्या शाफ्टवर नसतं. पोकळ स्पिंडलवर एकमेकांकडे तोंड केलेली दोन टेपर बेरिंगं बसतात आणि सगळं वजन ती घेतात. शाफ्ट फक्त ओढायला. त्यामुळे फोर व्हील कधी लावत नाही म्हणून पुढच्या बेरिंगला आराम आहे, हा समज सोडा. चाक फिरलं की ती फिरलीच.

आता उघडायचं. फ्री व्हील हब, मग बाहेरचा नट, मधला जिभेचा वॉशर, मग आतला नट. जीभ वाकवलेली असते ती सरळ करून नट बॉक्स पान्यानंच काढा. छिन्नी-हातोडीनं मारून काढलेले नट मला लांबून ओळखू येतात, त्यांचे कोपरे गेलेले असतात, आणि छिन्नीची कीस थेट बेरिंगमध्ये पडते. तुमच्या नटाला छिन्नीचे घाव दिसले तर मागचं काम कसं झालं त्याचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. हब ओढताना बाहेरचं बेरिंग अंगठ्यानं दाबून धरा, नाहीतर ते पहिल्यांदा मातीतच जातं.

इथं थांबा. बहुतेक ठिकाणी पोरगं लगेच डिझेलच्या टोपल्यात बेरिंग बुडवतं आणि पुरावा धुऊन टाकतं. जुनं ग्रीस बोटावर घ्या, उजेडात बघा, चोळा, वास घ्या. दोन्ही बेरिंगांचं थोडं थोडं वेगळ्या कागदावर काढून ठेवा.

दुधाळ, चहावर आलेल्या सायीसारखं दिसलं तर पाणी गेलंय. काळं, घट्ट, डांबरासारखं आणि जळकट वासाचं असेल तर नट घट्ट होता किंवा ब्रेक चिकटत होता. उन्हाकडे धरल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर ते पोलाद आहे, कुठला तरी पृष्ठभाग सोलतोय. आणि ग्रीस पातळ, ओघळणारं, गिअर ऑइलच्या सडक्या अंड्यासारख्या गंधकी वासाचं असेल, तर तुमचा मारेकरी हबमध्ये नाहीच. डिफरन्शियलमधलं (ॲक्सलच्या गोळ्यातलं) ऑइल आतल्या शाफ्टच्या सीलातून सुटून नकलमध्ये, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यात, येतं, तिथून स्पिंडलच्या झिजलेल्या बुशातून हबमध्ये उतरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. तुमची गाडी, तिचं वय आणि ते आठ महिने पाहता मला पहिला संशय पाण्याचा आणि दुसरा याचा येतो. ब्रेकच्या लायनरवर तेलकट काळपटपणा असेल किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर हा दुसरा संशय पक्का समजा. हे दुरुस्त करायला स्पिंडल उतरवून शाफ्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, आतलं सील आणि स्पिंडलचं बुश बदलावं लागतं. काम वाढतं, म्हणून मिस्त्री टाळतात. टाळलं की बेरिंगचा खर्च पुन्हा पुन्हा.

पाणी कसं जातं, हे थोडं समजून घ्या, कारण आपल्या भागात निम्मी बेरिंगं त्यानंच जातात. वीस-तीस किलोमीटर चालून, घाटात ब्रेक लावून हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. त्याच तापलेल्या चाकानं तुम्ही नाल्यात शिरता. पाण्यानं हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलाच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. नुसतं पाणी वर आल्यानं एवढं जात नाही जेवढं या ओढीनं जातं. म्हणून नाल्याच्या काठावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेवढ्यात पाण्याचा अंदाज येतो, तंबाखू मळून होते. ॲक्सलच्या वर छोटा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, असतो, त्याचं तोंड गाऱ्यानं बुजलं तर आतली हवा दुसरीकडून वाट शोधते आणि ती वाट म्हणजे सील. ब्रीदर साफ करायला दोन मिनिटं लागतात आणि तो साफ केलेला मी क्वचितच पाहतो. तिसरं पाणी येतं धुलाई सेंटरवरून. पोरगं चाकाच्या आतल्या बाजूला प्रेशरची धार लावून गारा काढतं, ती धार सरळ सीलावर बसते. तिथं साधी बादली बरी.

आता धुवा. डिझेलमध्ये ब्रशनं, दोनदा डिझेल बदलून, आणि सुती कापडावर पूर्ण कोरडं होऊ द्या. कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे रोलरमध्ये अडकतात. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम. कॉम्प्रेसरच्या हवेनं बेरिंग भिरभिरवून सुकवायची पोरांना फार हौस. कोरडं बेरिंग त्या वेगात चरे पाडून घेतं, आणि रोलर धरणारी जाळी फुटली तर रोलर गोळीसारखा सुटतो.

धुतल्यावर रोलर आणि बाहेरचा कप, म्हणजे हबमध्ये बसणारी रिंग, बोटाच्या नखानं तपासा. नख अडलं की बेरिंग बाद. निळसर किंवा वाळल्या गवताच्या रंगाची झाक म्हणजे ते तापलं होतं, त्याचा कडकपणा गेला, बाद. कपावर रोलरच्या अंतरानं आडव्या काळसर रेघा दिसल्या तर पाणी आत घेऊन गाडी उभी राहिली होती. पावसाळ्यात गाडी दोन महिने गोठ्यालगत उभी ठेवणाऱ्यांच्या कपावर या रेघा हमखास असतात.

कप आणि कोन (रोलरसकट आतली रिंग) नेहमी जोडीनं, एकाच कंपनीचे. कप चांगला दिसतो, नुसता कोन टाकू, ही काटकसर चालत नाही. दोघांचा संसार एकत्र झिजलेला असतो. जुना कप काढताना पितळी दट्ट्यानं समोरासमोर आळीपाळीनं मारा. नवा बसवताना जुना कप बाहेरून थोडा घासून त्यावर ठेवून ठोका, म्हणजे नव्याच्या तोंडाला हातोडी लागत नाही. पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, ठप्पचा टण्ण होतो. हबमध्ये कप हातानं फिरत असेल तर काही मिस्त्री आतून पंचानं डॉट मारून तो घट्ट करतात. महिनाभर चालतं, मग पुन्हा फिरतो. तो हब गेला. स्पिंडलवर आतली रिंग मात्र हातानं सरकत बसते आणि किंचित सरकत राहते, तो दोष नाही. स्पिंडलवर पायरी पडली असेल किंवा निळेपणा असेल तरच तो बदला.

बेरिंग खरेदी करताना डब्यापेक्षा रिंगेवरचा छाप बघा. टिमकेन असो, जयपूरची एनबीसी असो की एसकेएफ, नंबर कोरलेला स्वच्छ असतो आणि जुन्या बेरिंगवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. एकदा शहरातल्या एका दुकानातून मी नव्या डब्यात पॉलिश केलेलं जुनं बेरिंग आणलं होतं. डबा इतका सुंदर होता की उघडून बघितलंच नाही.

ग्रीस. दुकानात एपी थ्री म्हणून मिळतं ते लिथियमचं, चाकाच्या बेरिंगचं ग्रीस घ्या. किंवा डिस्क ब्रेकची जड गाडी असेल तर लिथियम कॉम्प्लेक्स. साधं चासी ग्रीस चाकात नको. ते कॅल्शियमचं असतं, पाण्याला चांगलं टिकतं म्हणून जुनी माणसं त्याचा हट्ट धरतात आणि पाण्यापुरतं त्यांचं बरोबरही आहे. पण ते शंभर अंशांच्या आसपास वितळतं, लिथियमचं १८० च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांची, त्यात ब्रेक ड्रमची उष्णता. रंग लाल की निळा याला काही अर्थ नाही. जुन्यावर नवं, एकावर दुसरं असं मिसळू मात्र नका. काही ग्रीसं एकत्र आली की ताकासारखी फुटतात. म्हणून तर आधी धुवायचं.

उस्ताद म्हणायचे, "बेरिंगले ग्रीस चोपडाचं नसते रे पोट्टेहो, चाराचं असते." तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. बेरिंगची रुंद बाजू त्या गोळ्याच्या कडेवर दाबत, खरवडत न्या, जोवर पलीकडच्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीसच्या शेवया बाहेर येत नाहीत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. पूर्ण फेरी झाली की दुसरी फेरी. एका बेरिंगला मला पाच मिनिटं लागतात. कपावर एक पातळ थर, सीलाच्या ओठाला थोडं. हबच्या पोकळीत कपांच्या कडेपर्यंत एक कडं करा, तिसरा हिस्सा ते अर्धं, त्याहून जास्त नाही. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून ब्रेकवर येतं. हबला भोक पाडून निप्पल बसवणारे आणि दर महिन्याला गन मारणारे लोक आहेत, त्यांचे लायनर मला वारंवार बदलावे लागतात. फ्री व्हील हबच्या आत तर नुसता हात फिरवल्याएवढंच. जाड ग्रीस भरलं तर ऐन चिखलात तो लागत नाही.

सील दर वेळी नवं. त्याची किंमत बेरिंगपुढे काहीच नाही, आणि जुनं सील पुन्हा बसवणं हे तुमच्या आठ महिन्यांचं कारण निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. स्प्रिंग असलेला ओठ बेरिंगकडे.

आणि आता तो नट. आतला नट आवळताना चाक दुसऱ्या हातानं सतत फिरवत राहा, पुढे आणि मागे दोन्हीकडे, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. चाक जड लागायला लागलं की थांबा. मग नट मागे घ्या, साधारण एका फेरीचा सहावा हिस्सा, म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू. वॉशर, बाहेरचा नट, तो चांगला घट्ट. इथं बरेच जण फसतात. बाहेरचा नट आवळला की आट्यांमधली ढील निघते आणि आतला नट थोडा आत दाबला जातो. मघाशी बरोबर असलेलं आता घट्ट झालेलं असतं. म्हणून बाहेरचा नट आवळल्यावर पुन्हा तपासा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, आणि वर-खाली धरून हलवलं तर जेमतेम जाणवेल इतकी ढील. मोजायचं साधन असेल तर एक ते पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.०२५ ते ०.१२५ मिमी. जमलं नाही तर दोन्ही नट सोडून पुन्हा. मी तीस वर्षं हे करतोय आणि आजही कित्येकदा दुसऱ्या खेपेलाच जमतं. मग वॉशरची जीभ वाकवा, वॉशरही नवाच.

पंधरा-वीस किलोमीटर चालवून हबवर तळहात ठेवा. कोमट असावा. हात ठेववत नाही एवढा तापला तर आधी दुसऱ्या बाजूचा हब बघा. दोन्ही सारखे तापले असतील तर ब्रेकची उष्णता, एकच तापला तर नट सोडून बघा. नवे कप बसतात तेव्हा शे-दोनशे किलोमीटरनंतर ढील थोडी वाढते, तेव्हा एकदा उघडून नट जुळवा.

घरी जमेल का? बॉक्स पाना, घोडी आणि एक निवांत सकाळ असेल तर धुणं, भरणं आणि जुळवणं नक्की जमेल. कप ठोकायचा किंवा शाफ्ट काढायचा असेल तर मिस्त्रीकडे जा, पण शेजारी उभे राहा.

किती दिवसांनी, तर किलोमीटर मोजू नका, पाणी मोजा. पावसाळा संपला की, कापसाची गाडी भरायच्या आधी, दोन्ही पुढची चाकं उघडायची. आपल्या आजोबांनी बंडी जुंपायच्या आधी आखाला वंगण घातलं, तेच हे. मधे कधी हब पूर्ण बुडाला आणि गाडी पाण्यात बंद पडून उभी राहिली, तर त्याच आठवड्यात उघडा. पाणी नुसतं रिमच्या खालच्या कडेला लागलं असेल तर काळजी नको.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण डाला बसवलेली गाडी म्हणून सांगतो. रुंद टायर बसावेत म्हणून चाकाची डिस्क (रिम) उलटी लावली असेल किंवा मधे स्पेसर असेल तर काढून टाका. चाक बाहेर सरकलं की भार बेरिंगांच्या मधे न पडता एकावरच पडतो, आणि रोलर बेरिंगचा हिशेब असा की ओझं दुप्पट झालं तर आयुष्य निम्मं होत नाही, दहाव्या हिश्शावर येतं. दुसरं, डाल्याला वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा कुठं लावतात ते बघा. वेल्डर सोयीनं तो चाकाच्या ड्रमला लावतो, करंट बेरिंगमधून जातो आणि रोलरवर सुईच्या टोकाएवढे जळके ठिपके पडतात. त्या दिवशी काही कळत नाही, घरघर काही महिन्यांनी सुरू होते. मागच्या वर्षी डाल्याचं काम केलं असेल तर बेरिंग धुतल्यावर ते ठिपके आधी शोधा. पुढच्या वेळी चिमटा डाल्यालाच, वेल्डिंगच्या जागेपासून हातभर अंतरावर लावायला सांगा.